तिसऱ्या परिच्छेदातला दुवा

किटालेच्या बसथांब्यामागे, छपाईच्या दुकानावर माझी खोली.
मीटरमध्ये विजेचे अकरा युनिट उरलेत
आणि मी लिहितेय, छपरावरचा बर्फ कसा काढावा.
बर्फ मी पाहिलाय तो मासळीवाल्याच्या खोक्यात.

हजार शब्द, नऊ डॉलर.
तिसऱ्या परिच्छेदात एक दुवा बसवायचा,
असा, की टाका दिसू नये.
वाचणारा शब्दावर बोट ठेवतो
आणि थेट कुणा फावडेविक्याच्या दारात उभा राहतो.
चार वर्षं टाके घालतेय:
गाद्या, कवळ्या, कुत्र्यांचा विमा,
ज्या गावी मी कधी जाणार नाही
तिथले घटस्फोटाचे वकील.

मंगळवारी ग्रेडीने चुकून
माझ्या कामाऐवजी गिऱ्हाइकाचं बिल मला पाठवलं.
लेख: साठ.
दुवा लावण्याचे: दोनशे दहा.
खाली आभार, आणि एक हसरा चेहरा.

तीनदा वाचलं.
चौथ्यांदा शब्द मोजले. सवय.

दुवा म्हणजे डोक्यावर हात ठेवून म्हातारी माणसं देतात तो,
फुकट,
देताना त्यांचा हात थोडा थरथरतो.
आणि हा दोनशे दहाचा,
माझ्याच बोटांनी बसवलेला.

संध्याकाळी बाजारात चेबेत टोमॅटोचे वाटे लावत होती,
चार खाली, एक वर.
मी विचारलं, भाव कसा ठरवतेस?
ती म्हणाली, आधी सडलेले मोजते.
मग पहाटेच्या ट्रकचं भाडं, मग दिवसभरचं ऊन,
मग तुझ्यासारखे नुसतेच बोलायला येतात, ते.
आणि टोमॅटो?
टोमॅटो शेवटी.

रात्री वहीत मीही सडलेले मोजले.
लिहून घेऊन गायब झालेल्यांचे सात लेख.
"जरा जिवंत कर" म्हणून परत आलेले, किती ते आठवत नाही.
बर्फाबद्दल वाचण्यात गेलेली दुपार.
वीज. डोळे.
एकदा पेन्शनवरच्या लेखात
जुगाराच्या दाराकडे जाणारा दुवा बसवला होता,
छान बसला होता, कुणाला टाका दिसला नसेल.
त्याचा भाव कुठे धरायचा कळेना.
ती ओळ कोरी सोडली.

मग ग्रेडीला लिहिलं:
हजार शब्दांना पस्तीस.
दुवा असेल तर वर साठ.
दुरुस्ती एकदाच. जुगार नाही.
पस्तिसाचे तीस केले. तिसाचे अठ्ठावीस.
उठून पाणी प्यायले.
परत पस्तीस केले आणि डोळे मिटून पाठवलं,
जसं लहानपणी नदीत उडी मारताना
नाक धरायचो.

मनात सगळी उत्तरं तयार होती:
तो म्हणेल बाजार पडलाय,
म्हणेल नऊ डॉलरला रांग लागलीय दाराशी,
म्हणेल आता तर यंत्रंही लिहितात, नेकेसा.
प्रत्येकाला एकेक परिच्छेद लिहून ठेवला होता.
फुकट.

दोन मिनिटांत उत्तर आलं.
ठीक.

एवढंच.
कुरकुर नाही, घासाघीस नाही,
माझे तयार परिच्छेद तसेच पडून.
चौपट मिळाले होते आणि
काहीतरी हातून निसटल्यासारखं वाटत होतं.

सकाळी चेबेतला सांगितलं.
तिचे हात थांबले.
लगेच हो म्हणाला?
लगेच.
ती थोडा वेळ माझ्याकडे पाहत राहिली.
गिऱ्हाईक न बोलता उचलतं ना, ती म्हणाली,
त्या रात्री मला झोप येत नाही.

मग माझ्या वाट्यावरचा पाचवा टोमॅटो उचलून
लुगड्याला पुसला, परत वर ठेवला.
पन्नास, म्हणाली.
काल चाळीस होता.

मी मुकाट्याने पन्नास काढून दिले.
चेबेतच्या कपाळाला आठी पडली.